रिकामं परत

छोट्या पडद्यावर अक्षरं आली : टोनर संपला.
आमच्याकडे संपलं म्हणत नाहीत.
करंड्यातलं कुंकू सरलं तरी आई म्हणायची, वाढलं.
ॲबरडेरच्या हाउसिंग ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर,
मी मशीनला मराठीत सांगितलं, वाढलं म्हण.
त्याने लाल दिवा लावला.

"आडवा धर आणि हलव," ग्लेनिस म्हणाली,
"अजून चाळीस पानं देईल."
सुपात पाखडावं तसा हलवला.
दिली. चाळीस नाही, एकतीस.
एकतिसाव्या पानावर मिसेस प्रॉसरच्या भाड्याची थकबाकी
इतकी फिकी उमटली
की वाटलं, माफच झाली.

मग काढला बाहेर.
आला तेव्हा भरल्या तांब्यासारखा जड होता.
अडीच हजार पानं गेली याच्यातून :
बॉयलर बघायला येणाऱ्यांच्या वेळा,
भिंतीच्या ओलीबद्दल तीच ती दिलगिरी,
कुणाला घर मिळालं, कुणाला घर खाली करा,
आणि दोन पानं माझी, न विचारता काढलेली :
जळगावहून आलेला बाबांचा रिपोर्ट,
मोठ्या टायपात,
मोठ्या टायपात तरी कळेल म्हणून.

गेथिनसाहेब म्हणाले, "टाक की काळ्या पिशवीत."
सिंकखालच्या कपाटात, टॉयलेट रोलच्या मागे
असेच अजून अकरा सापडले.
कुणीतरी, कधीतरी पाठवू म्हणून ठेवलेले.
एकावर चार वर्षांपूर्वीची तारीख आणि पेनाने काढलेला हसरा चेहरा.
काढणारीचं नाव आता कुणालाच आठवेना.

त्यातला एक उलटा झाला. भुकटी बाहीवर, मनगटावर.
मी गरम नळाकडे धावले.
"गार! गार पाणी घे!" ग्लेनिस ओरडली.
ही शाई नव्हे पोरी, दळलेलं प्लास्टिक,
ऊब लागली की बसलंच कायमचं.
मग माझा हात नळाखाली धरून, हळूच :
"डॅडला गरमच लागायचं. शेगडीपुढे टब.
पाठ मात्र धुऊ द्यायचे नाहीत.
पाठ धुतली की कणा कच्चा होतो म्हणे."
पाणी राखाडी होऊन गेलं.
खिडकीतून समोरची टेकडी दिसते, तिच्यावर मेंढ्या चरतात.
ती टेकडी नाहीच, खाणीतून उपसलेला गाळ आहे,
वर गवत आलंय.
तो परत न्यायला कुणी आलं नाही.

नव्याच्या खोक्यात जुना नेमका बसतो.
तीच काळी पिशवी, तोच पुठ्ठा,
आत परतीचा पत्ता, टपालखर्च आधीच भरलेला.
बाकीच्या अकरांसाठी एक मोठं खोकं मागवलं, तेही फुकट.
इतकं सोपं होतं
म्हणूनच बहुधा अकरा राहिले.

पण सूचनेत लिहिलंय :
खोक्यात दुसरं काहीही ठेवू नये.

शेजारणीचा डबा आमच्याकडून रिकामा जात नाही.
काही नसलं तर चिमूटभर साखर.
एकदा आईने नुसती कढीपत्त्याची डहाळी घातली होती.
शेजारीण काही बोलली नाही.
महिन्याची अखेर तिच्याकडेही होती.

मी टेप लावली, दोनदा. आत काही नाही ठेवलं.

शुक्रवारी व्हॅनवाला आला, इफान, खांदे ओले, विशीचा.
"जड आहेत?"
म्हटलं, रिकामे आहेत, जपून ने.
तो हसला. जिन्याकडे वळला तेवढ्यात
ग्लेनिसने डब्यातले दोन वेल्श केक
कागदात गुंडाळून त्याच्या जॅकेटच्या खिशात कोंबले.
तिला साखरेचं मी काही सांगितलं नव्हतं.
कागद होता नव्या टोनरचं चाचणीचं पान,
अजून कोमट.

मग मिसेस प्रॉसरचं पत्र पुन्हा काढलं.
काळंभोर, ठसठशीत,
एकही आकडा न चुकता.